'आत्ता' म्हणजे कधी? : प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास आणि निरोपाची भाषा

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण संवादप्रक्रियेचा परिचय करून घेतला. बोलणारा, ऐकणारा, संदेश, संदर्भ, संकेतव्यवस्था आणि संपर्क असे सहा घटक रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये मांडले, हे तुमच्या लक्षात असेल. यांपैकी 'संपर्क' हा घटक उत्तरपत्रिकेत बहुधा एका ओळीत उरकला जातो. पत्र असो वा दूरध्वनी, निरोप पोचला म्हणजे काम झाले, अशी आपली समजूत असते. परंतु निरोप पोचायला लागणारा वेळ भाषेवर काय परिणाम करतो? वाक्यातील काळ, अर्थ, इतकेच नव्हे तर काय बोलता येते आणि काय येत नाही, हेही त्या वेळेवर अवलंबून असते काय? प्रस्तुत घटकाचा विषय हा आहे.

त्यासाठी मी एक काहीसे अनपेक्षित उदाहरण निवडले आहे. डोंबिवलीत आमच्या घरी काही रविवारी मुलीची मित्रमंडळी जमतात आणि एक खेळ खेळतात. पट नाही, पत्ते नाहीत. कागद, पेन्सिली, थोडे फासे आणि भरपूर बोलणे. एकदा त्यांचे कल्पित अंतराळजहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे निघाले होते. जहाजावरील डॉक्टरची भूमिका करणारा मुलगा म्हणाला, "आत्ता तिकडे रुग्णालयात काय चाललंय, ते विचारून घेऊ या." खेळ चालवणाऱ्या मुलीने विचारले, "आत्ता म्हणजे कधी?" त्यावर तासभर वाद झाला, चहा दोनदा झाला आणि खेळ तसाच राहिला. वर्गात निर्देशक शब्द शिकवताना जे समजावण्यासाठी मी धडपडते, ते त्या एका प्रश्नात आले होते.

४.२ खेळ आणि त्याचा नियम

इंग्रजीत ज्यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्यांना आपण भूमिकाखेळ म्हणू. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि हा प्रकार रुजला. प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो. एक जण त्या जगाचे वर्णन करतो, उरलेली सर्व पात्रे होतो आणि नियम सांभाळतो. इंग्रजीत त्याला खेळागणिक निराळे नाव आहे. आपल्याकडे 'सूत्रधार' हा शब्द आयता आहे आणि माझ्या मते तो अधिक नेमका आहे. नाटकाहून फरक एवढाच की येथे संहिता नसते. आपल्या पात्राला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याचा हिशेब नाटकात नाटककार ठेवतो. येथे तो बोलणाऱ्यानेच, बोलता बोलता, ठेवायचा असतो.

आमच्या घरी खेळला जात होता तो 'ट्रॅव्हलर' हा खेळ १९७७ चा, मार्क मिलर यांनी रचलेला. त्यात जहाजे 'उडी' मारतात. एका उडीत एक ते सहा पार्सेक अंतर कापता येते (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे), पण अंतर कितीही असले तरी उडीला सुमारे एक आठवडा लागतो. त्या आठवड्यात जहाजाचा बाहेरच्या जगाशी कोणताही संबंध नसतो. याहून महत्त्वाचा नियम असा की, जहाजापेक्षा वेगाने जाणारा कोणताही निरोप त्या जगात नाही. बातमी न्यायची तर जहाजानेच न्यावी लागते; त्यासाठी खास टपालजहाजे आहेत. परिणामी साम्राज्याच्या सीमेवरची बातमी राजधानीत पोचायला महिनोन् महिने लागतात.

याच्या अगदी उलट व्यवस्था अर्सुला ले ग्विन यांनी कल्पिली. १९६६ च्या 'रोकॅनन्स वर्ल्ड' या कादंबरीत त्यांनी 'अ‍ॅन्सिबल' नावाचे यंत्र आणले. माणसांनी प्रवास करायचा तो प्रकाशाहून कमी वेगाने. निरोप मात्र कितीही अंतरावर तत्क्षणी पोचतो. एका जगात पत्र आणि पत्र आणणारा माणूस बरोबरच येतात; दुसऱ्यात माणूस येण्याच्या कित्येक वर्षे आधी त्याचा आवाज येतो. या दोन जगांत भाषा सारखीच वापरली जाईल काय?

४.३ कल्याण बंदरात आलेले जहाज

पहिल्या प्रकारचे जग आपल्याला परके नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषकाने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ओळखली जाणारी सागरी व्यापाराची मार्गदर्शिका लिहिली. तीत आपल्या किनाऱ्यावरील सोपारा येते, भडोच येते आणि 'कल्लिएना' म्हणजे आपले कल्याणही येते. तेथील नोंद लहान आहे. पूर्वीच्या राजाच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते दुसऱ्या सत्ताधीशाच्या हाती गेल्यावर तेथे अडथळे आले आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली.

आता त्या जहाजावरील तांडेलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ही जहाजे इजिप्तच्या किनाऱ्यावरून साधारण जुलैत निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर अरबी समुद्र ओलांडत. निघताना त्याच्याकडे असलेली कल्याणची माहिती फार तर आदल्या हंगामात परतलेल्या कोणाकडून मिळालेली. त्याच्या मनात कल्याण 'आहे' ते खुले बंदर. खाडीच्या तोंडाशी पहाऱ्याच्या होड्या दिसेपर्यंत ते तसेच राहते. त्याची चूक झाली असे म्हणता येणार नाही. निघताना त्याच्याजवळ असलेली माहिती त्या दिवशी मिळू शकणारी सर्वांत ताजी माहिती होती. 'ट्रॅव्हलर'मधील सूत्रधार दर रविवारी नेमके हेच करतो. जहाज उडीतून बाहेर येते आणि पात्रांना कळते की ज्या राज्यपालाच्या नावे पत्र आणले, तो तीन आठवड्यांपूर्वीच पदच्युत झाला आहे.

आपल्या इतिहासातील अधिक परिचित उदाहरण पानिपतचे. १४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध संपले. नानासाहेब पेशवे सैन्यासह उत्तरेकडे येत होते. माळव्यात असताना, जानेवारी सरता सरता, त्यांना ती वार्ता कळली, तीही सावकारी पत्रातील मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत. मधल्या दिवसांत पेशव्यांच्या तोंडी विश्वासराव आणि भाऊसाहेब यांच्याविषयीची क्रियापदे कोणत्या काळात असतील, याचा विचार करा.

४.४ दोन घड्याळांचा हिशेब

येथवर निरोप उशिरा पोचण्याची गोष्ट झाली. निरोप फारच लवकर पोचला तर? उशिरापेक्षा हे चमत्कारिक ठरते, आणि त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. गणिताची भीती बाळगू नका. सव्वाचा पाढा पुरेल.

प्रकाशाचा निर्वात पोकळीतील वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये धरून चालले की, हा वेग कोणीही मोजला तरी तेवढाच भरतो. यातून एक विलक्षण गोष्ट निघते. समजा, लांब पल्ल्याची एक गाडी डोंबिवली स्थानकातून न थांबता कल्याणकडे चालली आहे. तिच्या दोन्ही टोकांवर वीज पडली. त्या दोन ठिकाणांच्या बरोबर मध्यावर फलाटावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत दोन्हींचा उजेड एकदम पोचला. त्याच्या मते विजा एकाच वेळी पडल्या. गाडीच्या मध्यावर बसलेली बाई मात्र कल्याणकडील उजेडाला सामोरी जात आहे. तिला तो आधी भेटतो. ती गाडीच्या बरोबर मध्यावर आहे आणि दोन्ही उजेडांचा वेग तिच्याही दृष्टीने सारखाच आहे. तेव्हा तिला म्हणावे लागते की, कल्याणकडची वीज आधी पडली. दोघांपैकी कोणीही चुकलेले नाही. लोकलच्या वेगाला हा फरक इतका सूक्ष्म असतो की आपल्याला आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. पण तत्त्व असे की, दूरच्या ठिकाणचे 'आत्ता' सर्वांचे एक नसते.

आता वेग वाढवू. एक जहाज सकाळी ६ वाजता पृथ्वीवरून प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने निघाले. त्या क्षणी दोन्हीकडची घड्याळे जुळवली. या वेगाला घड्याळांत सव्वापटीचा फरक पडतो : पृथ्वीच्या हिशेबाने सव्वा तास होतो तेव्हा जहाजावर एकच तास झालेला असतो. पृथ्वीवर दुपारचे ४ वाजले, म्हणजे १० तास झाले, तेव्हा जहाजावर ८ तास झाले. तेथे दुपारचे २ वाजले. पृथ्वीवरच्या रुग्णालयाने ४ वाजता अ‍ॅन्सिबलवर विचारले, "डॉक्टर, रुग्णाला कोणते औषध द्यायचे?" निरोप तत्क्षणी पोचला. जहाजावरच्या डॉक्टरने २ वाजता तो वाचला आणि लगेच उत्तर पाठवले.

पण जहाजाच्या दृष्टीने जहाज स्थिर आहे आणि पृथ्वीच मागे धावते आहे. सव्वापटीचा नियम आता उलट बाजूने लावावा लागतो. जहाजाचे ८ तास, म्हणून पृथ्वीचे ८ भागिले सव्वा, म्हणजे ६ तास २४ मिनिटे. जहाजाच्या 'आत्ता'मध्ये पृथ्वीवर दुपारचे १२ वाजून २४ मिनिटे झाली आहेत. तत्क्षणी पोचणारे उत्तर तेथे १२ वाजून २४ मिनिटांनी येते. प्रश्न तर ४ वाजता विचारायचा आहे! उत्तर साडेतीन तासांहून अधिक काळ आधी आले. रुग्णाला औषध मिळाले, तो बरा झाला, आणि ४ वाजता प्रश्न विचारण्याचे कारणच उरले नाही. मग उत्तर आले कोणत्या प्रश्नाचे?

प्रश्न आधी आणि उत्तर नंतर हा क्रम कोणत्याही भाषेतील संभाषणाचा पाया आहे. प्रकाशाहून वेगवान निरोपाने तो पायाच हलतो, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ अशा निरोपाकडे संशयाने पाहतात. विषय त्यांनी टाकून मात्र दिला नाही. १९६२ मध्ये बिलान्युक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी प्रकाशाहून वेगवान कणांच्या शक्यतेवर शोधनिबंध लिहिला. १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी अशा कणांना 'टॅकिऑन' हे नाव दिले. असा कण आजवर सापडलेला नाही.

चाणाक्ष विद्यार्थी येथे विचारेल की, 'ट्रॅव्हलर'मधील जहाजही प्रकाशाच्या पुढे जाते, मग ही अडचण तेथे का येत नाही? खरे म्हणजे यायला हवी. खेळ ती टाळतो, कारण त्यात सर्व साम्राज्याला एकच पंचांग लागू आहे : एकच वर्ष, एकच दिवसक्रमांक, सर्व ताऱ्यांवर एकच 'आत्ता'. आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताशी हे जुळत नाही, पण कथेला सोयीचे आहे. सूत्रधाराने ही सूट घेतली तर मी गुण कापणार नाही. फक्त आपण सूट घेत आहोत, याची त्याला जाणीव असावी.

याच ठिकाणी एक इशारा देते. राजा ककुद्मी मुलगी रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, गायन संपेपर्यंत क्षणभर थांबला आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली, ही भागवतातील कथा तुम्हाला माहीत असेल. कथा सुंदर आहे आणि कालभेदाच्या कल्पनेचे उदाहरण म्हणून ती अवश्य द्यावी. 'म्हणून सापेक्षता सिद्धान्त आपल्याकडे होताच' हे वाक्य मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नये. कथेत कल्पना आहे, सव्वापटीचा हिशेब नाही.

४.५ 'आलोच' आणि 'असाल'

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे वळू. 'मी', 'इथे', 'आत्ता' हे शब्द निर्देशक आहेत. कोण, कोठे, केव्हा बोलत आहे हे कळल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही. समोरासमोरच्या बोलण्यात दोघांचे 'आत्ता' एकच असते. पत्रात दोन असतात : लेखनक्षण आणि वाचनक्षण. पेशवाईतील दफ्तरांत पत्र लिहिल्याच्या तिथीबरोबर ते हाती आल्याची तिथी, म्हणजे पैवस्ती, नोंदवण्याची पद्धत होती. दोन 'आत्ता' आहेत, हे त्या कारकुनांना पुरते ठाऊक होते.

मराठीत या दृष्टीने एक गमतीचा प्रयोग आहे. गाडी अजून मुंब्र्याजवळ असताना आपण दूरध्वनीवर सांगतो, "आलोच!" क्रियापदाचे रूप भूतकाळाचे, घटना भविष्यातील. ही लबाडी नव्हे. हा मराठीचा मान्य प्रयोग आहे. पण तो चालतो कोठे? ऐकणाऱ्याचे 'आत्ता' आपल्या 'आत्ता'ला चिकटलेले असेल तेथेच. पत्रात कोणी 'आलोच' असे लिहीत नाही. पत्राचे रूप 'असाल' हे आहे : 'तुम्ही सर्व खुशाल असाल.' आपल्याकडची खुशाली आपण वर्तमानकाळात सांगतो, कारण ती माहीत आहे. समोरच्याची भविष्यकाळी रूपाने अंदाजतो, कारण ती माहीत असणे शक्य नाही. अंतराची जाणीव क्रियापदाच्या प्रत्ययात उतरलेली आहे.

हे मी पुस्तकातून शिकण्यापूर्वी चाळीत शिकले. १९८० च्या दशकात डोंबिवलीतील आमच्या चाळीतल्या एका काकूंचा मुलगा आखाती देशात नोकरीला होता. काकूंना अक्षरे जुळवत वाचावे लागे, म्हणून त्याची पत्रे मी वाचून दाखवत असे. मी तेव्हा आठवीत होते. एके दिवशी त्याची आजी वारली. त्याला तार गेली. त्यानंतर चार दिवसांनी त्याचे पत्र आले, तार मिळण्यापूर्वी टाकलेले. त्यात लिहिले होते की आजीचा गुडघा आता कसा आहे, तिला जिना उतरू देऊ नका. मी त्या ओळीशी अडखळले आणि माझ्या अकलेप्रमाणे 'आहे'चे 'होता' करून वाचले. काकूंनी मला थांबवले. "जसं लिहिलंय तसं वाच," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचले. पुढच्या पत्रात त्यांनी त्या प्रश्नाचे उत्तरही माझ्याकडून लिहून घेतले : शेवटच्या आठवड्यात गुडघा कमी दुखत होता.

काकूंच्या लेखी तो प्रश्न चुकीचा नव्हता. तो ज्या दिवशी विचारला गेला, त्या दिवशी आजी होती.

४.६ खोडद येथील साडेतीनशे सेकंद

कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर असे गेले की नारायणगावजवळ खोडद लागते. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे 'स्कियापरेली' हे यान मंगळावर उतरायचे होते आणि त्याचा क्षीण संकेत ऐकण्याचे काम या दुर्बिणीकडे होते. उतरण्याची क्रिया सहा मिनिटांपेक्षा थोडी कमी, सुमारे साडेतीनशे सेकंदांची. मंगळ त्या दिवशी इतका दूर होता की संकेताला आपल्यापर्यंत यायला दहा मिनिटांच्या आसपास लागत होती.

संकेत येत होता. यान वातावरणात शिरले, हवाई छत्री उघडली. मग ठरलेल्या वेळेच्या एक मिनिटाहूनही कमी काळ आधी संकेत थांबला. यान आदळले होते. दोन आकडे शेजारी ठेवून पाहा : क्रिया सहा मिनिटांची, विलंब सुमारे दहा मिनिटांचा. म्हणजे खोडदला उतरण्याचा पहिला संकेत पोचण्यापूर्वीच मंगळावर सर्व संपले होते. खोडदच्या पडद्यासमोर 'यान उतरत आहे' असे कोणी म्हणाले असेल, तर ते वाक्य खरे की खोटे? मंगळाच्या घड्याळाने खोटे. पण त्या क्षणी पृथ्वीवर कोणालाही याहून अधिक काही कळणे शक्य नव्हते. प्रकाशापुढे बातमी धावत नाही. काकू त्या वाक्यातही बदल करू देत्या ना, असे मला वाटते.

४.७ संवादलेखनासाठी काही सूचना

विज्ञानकथा वा भूमिकाखेळ यांसाठी संवाद लिहिताना प्रथम यंत्रांची नावे शोधू नका. आधी ठरवा : या जगात निरोप वेगवान आहे की माणूस? जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती. पुढेही विज्ञानकथेतील विज्ञान पक्के असावे, हा त्यांचा आग्रह राहिला. आपण भाषेचे विद्यार्थी त्याला एक पुरवणी जोडू : काळही पक्का असावा. ज्या जगात बातमीला आठवडा लागतो, तेथील पात्र दुसऱ्या ताऱ्यावरच्या मित्राविषयी 'तो आजारी आहे' असे म्हणणार नाही. 'मी निघालो तेव्हा तो आजारी होता' असे म्हणेल, किंवा 'आजारी असेल' असे. नवोदित लेखक नेमके येथे घसरतात आणि वाचकाला काहीतरी खटकते. काय खटकले हे त्यालाही सांगता येत नाही.

संभाषणाचा ठेकाही बदलतो. समोरासमोर बोलताना दोन वक्त्यांमधील विराम सरासरीने सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका असतो, असे निरनिराळ्या भाषांच्या अभ्यासातून दिसले आहे. चंद्राशी बोलताना जाऊन येऊन अडीच सेकंद जातात. एकमेकांचे वाक्य तोडता येत नाही, 'हं', 'बरं' हे हुंकार चुकीच्या जागी पडतात. मंगळाशी तर संभाषण होतच नाही, पत्रव्यवहार होतो, मग आवाज कितीही स्पष्ट असो.

स्वाध्याय : तुमचे जहाज आज कल्याणहून एका दूरच्या ताऱ्याकडे उडी घेत आहे. उडीत आठवडा जाईल, आणि पोचल्यावर परतीचे टपालजहाज मिळायला आणखी दोन आठवडे लागतील. घरी एक व्यक्ती आजारी आहे. पोचताच तिला लिहावयाचे पत्र सुमारे १५० शब्दांत लिहा. नंतर त्यातील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून, ते लेखनक्षणाला धरून आहे की वाचनक्षणाला, हे समासात नोंदवा. संपर्कसत्राला येताना पत्र सोबत आणा. आपण ती एकमेकांना वाचून दाखवू. वाचताना दुरुस्त्या करायच्या नाहीत.